साखरेवरची प्रार्थना

दुधाच्या पिशवीचा कोपरा, बोटांनी न फाटणारा. कात्री कुणीतरी उचलून ठेवली आहे, म्हणजे वसुमतीबाईंनी.

भर रस्त्यात उलटलेला कलिंगडांचा टेम्पो, आणि त्याच्याभोवती गळ्यात ओळखपत्रं लटकवून फोनवर बोलत उभे असलेले लोक. कलिंगडं कुणीच उचलत नाही.

कानडी उपासना संपते आणि मराठी सुरू होते त्यामधला वेळ. बाकावर बसलं की आधीच्या माणसाची ऊब लागते.

डाव्या हाताची अनामिका. अंगठी, आता न निघणारी.

सगळे मिळून 'आमेन' म्हणतात तेव्हा कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही. वसुमतीबाईंचा कळतो.

"मेडम, स्वल्प आत सरका."

शलाका भिंगारदिवे आत सरकली. ऑफिसची कॅब, बुधवारची सकाळ, व्हाइटफील्डचा रस्ता, आणि शेजारी बसायला आलेल्या मुलीची बॅग बरोबर शलाकाच्या मनगटावर टेकलेली. ती बॅग हलवायला सांगावं की आपलाच हात काढून घ्यावा, याचा विचार चालू असताना फोन थरथरला. चर्चमधल्या मराठी फेलोशिपचा ग्रुप. पाळक दयानंद हिवाळे यांनी लिहिलं होतं की येत्या रविवारी दुपारच्या उपासनेत भगिनी शलाका भिंगारदिवे आपल्या आरोग्यदानाची साक्ष देतील, तरी सर्वांनी अगत्याने हजर राहावे. खाली उगवत्या सूर्याचं चित्र. त्याखाली, अर्ध्या मिनिटाच्या आत, हात जोडलेली माणसं. वीणा साळवे: हालेलूया. आणखी कुणीतरी: हालेलूया, तीन उद्गारचिन्हं. आणि वसुमतीबाई भिंगारदिवे, म्हणजे शलाकाच्या सासूबाई, ज्या या क्षणी घरी तिच्याच स्वयंपाकघरात तिचीच कात्री लपवून बसल्या होत्या, त्यांचा फक्त एक हिरवा अंगठा. शलाकाने लिहायला घेतलं, 'कसलं आरोग्यदान?' आणि तिसऱ्या अक्षरावर तिचा स्वतःचा अंगठा अडला. सांध्यात, खाली, जिथे सकाळी अडतो तिथेच. तिला हसू यायला हवं होतं. तिला राग आला. राग हा तिच्या शरीरातला एकमेव भाग होता जो सकाळी आखडलेला नसायचा.

तर हे असं झालं होतं. राजाजीनगरला वीणा साळवेच्या घरी महिन्यातून एकदा घरगुती प्रार्थना असते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना जुना आणि उंच पायऱ्यांचा. संधिवात वाढल्यापासून शलाका तिथे जायची म्हणजे अभिजीत, तिचा नवरा, तिला अर्धं उचलायचा आणि उरलेलं अर्धं ती कठड्याला लोंबकळत वर न्यायची. वर पोहोचेपर्यंत पहिलं गीत संपलेलं असायचं आणि सगळे दयेने दाराकडे बघत असायचे. मागच्या वेळी तिला मधल्या खुर्चीत बसवून सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना लांबली. हात ठेवायचे म्हणजे लोकांना वाटतं की जितका जोर तितका विश्वास. सहा तळवे तिच्या खांद्यांवर, सांध्यांच्या बरोबर वर, आणि ती डोळे मिटून मनातल्या मनात म्हणत होती, प्रभू, यांना हात काढायला सांग. एवढंच मागणं तिने त्या दिवशी मागितलं. मग या वेळी ती तोच जिना एकटी चढून गेली. वीणाने दार उघडलं, समोर शलाका, मागे अभिजीत नाही, वीणा किंचाळली, "अगं बाई, प्रभूची स्तुती असो!" आणि आतून सगळे धावत आले. शलाकाला धाप लागली होती पण ती आनंदाची होती, खरंच होती, कारण कित्येक महिन्यांनी पायऱ्या नुसत्या पायऱ्या होत्या. तिने दोन बटाटेवडे खाल्ले. टाळ्या वाजवून गायली. त्याच्या आदल्या आठवड्यात दुखणं फार वाढलं म्हणून डॉक्टरांनी तिला स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला होता. तो असतो तोवर माणूस जिने चढतं, रात्री बाराला कपाटं आवरतं, आणि कोर्स संपला की पुन्हा दुधाच्या पिशवीपाशी येतं. हे तिला माहीत होतं. अभिजीतला माहीत होतं. पण वड्यांच्या त्या वासात, लोकांच्या त्या ओल्या डोळ्यांसमोर, स्टिरॉइड हा शब्द काढायचा तरी कसा?

*बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम. मी आज इथे*

इथे काय? कॅब सिग्नलला थांबली. साक्ष द्यायची एक पद्धत असते, ती शलाकाने लहानपणापासून, पुण्यातल्या चर्चच्या गार फरशीवर मांडी घालून बसल्यापासून ऐकलेली. आधी अंधार. मग डॉक्टरांनी हात टेकले. मग प्रार्थना. मग उजेड. डॉक्टरांनी हात टेकले हे वाक्य आलं की बायका पदर सावरायच्या, कारण आता रडायची जागा येणार. शलाकाच्या डॉक्टरीणबाईंनी कधीच हात टेकले नव्हते. त्या तिचे हात धरून एकेक पेर दाबून बघायच्या, इथे दुखतं? इथे? आणि लिहून घ्यायच्या. औषध बदलायच्या. हे किती वर्षं चालणार विचारलं तर म्हणायच्या, चालेल, आपण चालवू. यात अंधार नव्हता आणि उजेडही नव्हता, ट्यूबलाइट होती. अशा गोष्टीची साक्ष होत नाही. तिला आठवलं, आजार नवा असताना ती फार मागायची, रोज, गुडघे टेकता येत नव्हते म्हणून पलंगाच्या कडेला बसून, नीट सुरुवात करून, नीट शेवट करून. मग कधीतरी तिने मागायचं सोडलं. विश्वास उडाला असं काही झालं नाही, तसं झालं असतं तर निदान सांगण्यासारखं काही झालं असतं. पाहुणा घरात राहून राहून घरचाच होतो तसं काहीतरी झालं. आता तिचं त्याच्याशी बोलणं म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की, "प्रभू, हे बघ जरा." नळ फिरेना की, "कुठे आहेस?" कुकरची शिट्टी काढताना नुसतं, "अरे देवा रे." याला प्रार्थना म्हणत नाहीत. वसुमतीबाई करतात ती प्रार्थना. तिला उंबरठा असतो आणि मागचं दार असतं, आणि मधे सगळे नातेवाईक नावानिशी येऊन जातात.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधीच विचारलं.

"आई, पाळकांना तुम्ही सांगितलंत?"

"काय ते?" वसुमतीबाई मेथी निवडत होत्या. नगरच्या मिशन शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं होतं आणि खोटं बोलताना त्या मान वर करत नसत.

"मी बरी झाले म्हणून."

"जिना चढलीस की नाही?"

"ते औषधाने. आणि कोर्स संपला. आज मला मेसेज टाइप करता आला नाही."

"औषध कुणी दिलं?"

"डॉक्टरांनी दिलं, आई!"

"आणि डॉक्टरांना बुद्धी कुणी दिली?" वसुमतीबाईंनी मेथीची जुडी अशी झटकली की विषय संपला. अभिजीत दारात उभा राहून दोघींच्या मधल्या भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "दोन मिनिटांचं तर काम आहे, शलाका. उभी राहा, आभार मान, बस. खोटं कुठे बोलायचंय? बरं वाटलंच होतं ना तुला त्या दिवशी?"

"मग 'त्या दिवशी बरं वाटलं' एवढंच बोलू?"

"असं काही नको बोलूस," अभिजीत घाईघाईने म्हणाला.

खरी अडचण साक्षीची नव्हती. खरी अडचण शुक्रवारची होती. शलाकाचं दुखणं वाढल्यापासून वसुमतीबाई दर शुक्रवारी उपास करत होत्या, पाण्याशिवाय काही नाही, आणि त्यांना मधुमेह. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अभिजीतने सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या कृष्णाबाईंनी सांगितलं, ज्यांचं घराणं म्हणे शहाजीराजांच्या काळात इकडे आलं आणि ज्यांच्या मराठीत निम्मी कानडी होती: "अक्का, हे काय सरी नाही, बरोबर नाही हां. तुमच्यात एकादशी नाही, सोमवार नाही, सुटलात म्हणून मी म्हणत होते. आणि तुम्ही आमच्याहून जास्त!" वसुमतीबाई कुणाचंच ऐकत नव्हत्या, कारण त्यांनी शब्द दिला होता. "नवस नव्हे. आपल्यात नवस नसतो. शब्द दिलाय. शलाका चर्चमध्ये उभी राहून साक्ष देईपर्यंत शुक्रवार सोडणार नाही." आता बघा. रविवारी शलाका उभी राहून खोटं बोलली की म्हातारी बाई जेवणार. खरं बोलली की उपाशी राहणार, किती शुक्रवार ते प्रभूलाच माहीत, कारण हा आजार जाणाऱ्यातला नाही. शलाकाला वाटलं, कुणीतरी फार शांतपणे, बसून, वेळ काढून हा पेच रचला आहे. आणि वसुमतीबाईंच्या त्या न वर केलेल्या मानेवरून तिला अशीही एक शंका आली की त्यांना स्वतःलाच आता भूक सोसत नव्हती. शब्दातून सुटायला त्यांना एक साक्ष हवी होती, मग ती जरा कच्ची असली तरी चालणार होती.

*सलाम. माझं दुखणं पुष्कळ अंशी*

*प्रभूने मला जिना चढवला. उतरवलं अभिजीतने.*

*माझ्या सासूबाईंना भूक लागली आहे म्हणून मी बरी झाले.*

शुक्रवारी ती घरून काम करत होती. मीटिंग चालू होती, हैदराबादचा कुणीतरी हिंदीत आकडे वाचत होता, आणि बाहेरच्या खोलीतून वसुमतीबाईंचं गुणगुणणं येत होतं, जुनं गीत, तेच कडवं. मग तेच कडवं पुन्हा. मग त्यातली एकच ओळ. मग शलाकाला कळलं की गुणगुणणं कधीच थांबलंय आणि आपण मघाचंच ऐकतोय. ती उठली, उठायला वेळ लागतो, आधी गुडघे, मग टेबलाची कड. वसुमतीबाई खुर्चीत होत्या. कपाळावर घाम, केस चिकटलेले, हात थरथरत होते आणि त्या मांडीवरची मेथी निवडत होत्या. मांडीवर मेथी नव्हती. "आई, सकाळी शुगरची गोळी घेतलीत?" "घेतली की. रोज घेते." "उपाशीपोटी?" "उपासच आहे तर उपाशीपोटीच घेणार. बावळट आहेस." जीभ जड होती पण टोमणा शाबूत होता. शलाका स्वयंपाकघरात गेली. साखरेचा डबा, फिरकीचं झाकण, वसुमतीबाईंनीच कालच भरून घट्ट लावलेलं. फिरेना. उजव्या हाताने नाही, डाव्याने नाही, फडक्यात धरून नाही, दाराच्या फटीत अडकवून नाही. मनगटात कळ गेली ती कोपरापर्यंत. "काय रे हे!" ती मोठ्याने ओरडली, कुणावर ते विचारायची सोय नव्हती. "एक झाकण! मी तुझ्याकडे हाडं मागितली होती, ती नाही दिलीस, ठीक आहे, आता एक झाकण!" झाकण निघालं नाही. फडताळात खाली साखरेची न फोडलेली पिशवी होती. कात्री नव्हती. तिने पिशवी दातांत धरली आणि ओढली. प्लास्टिक फाटलं, साखर ओट्यावर, फरशीवर, तिच्या गाऊनवर, आणि जी चमच्यात आली तिच्यात तिने नळाखाली चार थेंब पाणी घेतलं. नळ गळतच होता, दुरुस्त करायचा राहिलेला.

"तोंड उघडा."

वसुमतीबाईंनी ओठ घट्ट मिटले. मान हलवली. शलाकाला वाटलं उपासाचं म्हणतायत. "उपास गेला खड्ड्यात, आई, तोंड उघडा." वसुमतीबाईंनी डोळे मिटले, थरथरते हात कसेबसे एकमेकांत अडकवले आणि मिटल्या ओठांनीच वाट बघत बसल्या. तेव्हा शलाकाला उमगलं. त्यांच्या तोंडात आयुष्यात प्रार्थनेशिवाय घास गेला नव्हता. अभिजीत लहानपणी तापाने फणफणलेला असताना पेज देण्याआधी त्यांनी त्याच्या उशाशी अख्खी प्रार्थना केली होती, पेज गार झाली होती, ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जायची. आता विनोद नव्हता. चमच्यातली साखर विरघळत होती आणि बाई बसली होती, पांढरी पडत, शिस्तीत. "प्रभू," शलाका म्हणाली, आणि तिला पुढचे शब्द आठवेनात. रोजचे, पाठ असलेले, लहानपणापासूनचे. "प्रभू, ही साखर आहे. हिला, म्हणजे यांना, ही लागू दे. लवकर. तुझ्याच नावाने मागते, आमेन. उघडा!" वसुमतीबाईंनी आधी "आमेन" म्हटलं आणि त्याच उघड्या तोंडात शलाकाने चमचा घातला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी डोळे उघडले. शलाका फरशीवर त्यांच्या पायांशी बसली होती, साखरेत, चमचा मुठीत धरून, कारण बोटांत धरता येत नव्हता. लॅपटॉपमधून कुणीतरी तिचं नाव घेत होतं. घाम उतरत गेला, हाताची थरथर कमी झाली, आणि एका बाईच्या चेहऱ्यावर रंग परत येतो तो कसा, कपाळापासून की गालांपासून, हे बघत ती तिथेच बसून राहिली. ती कितीतरी दिवसांत काही इतकं नीट बघत बसली नव्हती. आपण आत्ता मागितलं आणि ते मिळालं, हे तिच्या उशिराच लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर पहिल्यांदा काय वाटलं तर वैताग. एवढं झटकन येता येत होतं, तर इतके दिवस? पण तो वैताग जुना नव्हता. जवळच बसलेल्या माणसावर चिडावं तसा होता.

"आता भात आणते," ती म्हणाली.

"भात नको. उपास आहे."

"उपास मोडला."

"साखर औषध म्हणून घेतली. औषधाने उपास मोडत नाही."

"औषधाआधी कुणी प्रार्थना करतं? मी रोज इतक्या गोळ्या गिळते, तुम्ही कधी म्हणालात, थांब, प्रार्थना कर? तुम्ही तोंड मिटून बसलात, आई. प्रार्थना करून खाल्लं. म्हणजे जेवण झालं."

वसुमतीबाई गणिताच्या बाई. त्यांनी बराच वेळ समोर बघत हिशेब केला, त्यात चूक सापडेना म्हणून त्या चिडल्या. "तू जास्त शहाणी आहेस," म्हणाल्या. भात खाल्ला नाही. ताक घेतलं. ताकाआधी पुटपुटत प्रार्थना केली आणि शलाकाने ऐकलं, आणि शलाकाने ऐकल्याचं त्यांनी बघितलं.

रविवारी हॉलमध्ये कानड्यांची ऊब होती. पाळक हिवाळे आनेकलहून बसने येतात, आठवडाभर तिथल्या पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर असतात. सदऱ्याला इस्त्री होती, चेहऱ्याला नव्हती. अर्पणानंतर ते म्हणाले, "आता भगिनी शलाका." अभिजीतने तिला कोपराला धरून उठवलं आणि तेवढ्यानेच पहिल्या दोन बाकांवर कुजबुज झाली. कोर्स संपून काही दिवस झाले होते. ती पुढे गेली ती कशी गेली हे सगळ्यांनी बघितलं. वीणा साळवेचा चेहरा पडायला लागला.

"बंधुभगिनींनो, सलाम. मी बरी झालेली नाही. त्या दिवशी जिना चढले तो औषधाने. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत त्याबद्दल आभार, पण पुढच्या वेळी खांदे सोडून हात ठेवा, फार दुखतं." मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. "साक्ष एवढीच आहे की शुक्रवारी आईंची साखर उतरली. डबा उघडेना. मी देवावर ओरडले. मग साखरेवर प्रार्थना म्हटली, वाईट म्हटली, मधे शब्द विसरले. आईंनी आमेन म्हणून साखर खाल्ली आणि त्यांना बरं वाटलं. मला वाटतं तो तिथेच होता. स्वयंपाकघरात. झाकण मात्र त्याने उघडलं नाही." तिला बसायचं होतं, घोटे ठणकत होते, पण मुख्य गोष्ट राहिली होती. "पाळकसाहेब, मला एक विचारायचंय, इथेच, सगळ्यांसमोर. प्रार्थना करून, आमेन म्हणून खाल्लं, तर ते जेवण की औषध?"

पाळकांनी वसुमतीबाईंकडे बघितलं. वसुमतीबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या. सगळ्या फेलोशिपला त्यांचा शब्द ठाऊक होता. पाळकांच्या मागे मेजावर पांढऱ्या कापडाखाली प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट होतं, महिन्याचा पहिला रविवार होता. त्यांनी तिकडे एकदा मान वळवली.

"जेवणच ते," पाळक म्हणाले. "चमचाभर असलं तरी."

"मग उपास मोडला?"

"मोडला. आणि वसुमतीबाई, मोडलेला शब्द जोडत बसू नका. मी पाळक म्हणून सांगतोय. तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, तरी सांगतोय." मग त्यांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला, कारण पुढे काय करायचं हे त्यांनाही सुचत नव्हतं. लोक उठले. गाणं नीट लागलं नाही, अर्धे वरच्या पट्टीत, अर्धे खालच्या. वीणा साळवे गात नव्हती. शलाका बाकावर येऊन बसली आणि शेजारी वसुमतीबाईंनी आपली पर्स उचलून दोघींच्या मधे ठेवली.

परतीच्या कॅबमध्येही ती पर्स दोघींच्या मधे होती. अभिजीत पुढे बसून ड्रायव्हरशी रस्त्यांविषयी बोलत होता, नको इतकं. मग वसुमतीबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी तोंड मिटून बसले होते हे चारचौघांत सांगायची गरज होती?"

"मी 'मिटून बसलात' असं नाही म्हटलं."

"आमेन म्हणून खाल्ली म्हणालीस. लोकांना कळतं."

"पुढच्या शुक्रवारी मी उपमा करणार आहे."

"तू? रवा भाजायला हात फिरावा लागतो."

"मग तुम्ही करा."

"करीन की. तुझ्यावर सोडलं तर कच्चाच गिळावा लागेल." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि रुमाल पुन्हा घडी करून आत ठेवला. "प्रार्थना मात्र मी म्हणणार. तुझी ती काय प्रार्थना. 'ही साखर आहे' म्हणे. त्याला दिसत नाही का?"

कॅब कुठल्यातरी पुलाखाली अडकली होती आणि आजूबाजूचे सगळे हॉर्न वाजवत होते.

लग्नाआधी मुलगी बघायला वसुमतीबाई पुण्याला आल्या होत्या तेव्हा शलाकाच्या आईने काही न बोलता तिची दोन्ही सुजलेली मनगटं त्यांच्यासमोर धरली होती. वसुमतीबाईंनी चष्मा लावून ती बघितली, आणि येत्या रविवारीच चर्चमध्ये लग्न जाहीर करायला सांगितलं.